थांबलेली दाढ

३ जून

वर कुरणावर पोचलो. लोकरीच्या नमद्याचं घर उभं करताना केंजेबेकनं छताची दोरी उलटी बांधली, सोडून परत बांधायला लावली. चाळिशीला आलाय, अजून त्याला गाठ आईनं सांगावी लागते. गवत मात्र यंदा छान आहे. घोड्या खुशीत.

डेअरीवर होते तेव्हा रोज गाईंचं दूध लिहायचे. डेअरी मोडली, गाई गेल्या, लिहायची सवय राहिली. आता गाईंचं दूध नाही तर जे होईल ते लिहिते.

आज झालं ते एवढंच. चहाचा पहिला घोट घेतला आणि डावीकडच्या खालच्या दाढेत कळ गेली. घोट पोटात गेला, कळ तिथेच. पोळी खाऊन झाली, भांडी घासून झाली, तरी आत कुणी बोट दाबून बसल्यासारखं वाटत होतं. या वयात काहीतरी दुखायचंच.

गावातून निघताना विहीणबाईंशी वाजलं. सूनबाईला, झीपारला, ऑगस्टात दिवस भरतील. बाळाला पहिलं लोणी कुणी लावायचं यावरून. घरातल्या थोरल्या बाईनं लोणी आधी आपल्या तोंडात घोळवायचं, मग बोटानं बाळाच्या जिभेवर लावायचं. ज्या बाईच्या तोंडचं लोणी, तिची जीभ आणि तिचा स्वभाव बाळात उतरतो. मारीपाबाई म्हणतात, मुलगी माझी, लोणी मी लावणार. मी म्हणलं, तुमची जीभ उतरली तर लेकरू जन्मभर दुखणीच सांगत बसेल. त्यांनी विषय सोडलेला नाही. मीही सोडणार नाही. या घरातलं हे पहिलं नातवंड. त्यासाठी केंजेबेकच्या लग्नापासून थांबलेय.

१४ जून

वाळवलेल्या दह्याची गोळी डावीकडे चावली आणि डोळ्यापुढे अंधारी आली. आता उजवीकडून खाते. एक बाजू बंद पडली म्हणून गाडी थांबत नाही.

झीपार म्हणाली, खाली जाऊन दाताच्या डॉक्टरला दाखवा. मी म्हणलं, धारा कोण काढणार, तू? तिला धड खाली बसता येत नाही. आणि डॉक्टर काय करणार, दिवा लावून बघणार आणि डोकं हलवणार. ते मी फुकटात करते.

१९ जून

आता काही न खाता न पिताच ठणकतं. आडवं झालं की जास्त. ठणका कानात जातो, तिथून डोक्यात, त्यामुळे नक्की कुठली दाढ तेही समजत नाही. मीठ धरलं. व्होडकाचा बोळा धरला. व्होडका वाया गेली.

एकच गोष्ट कामाला येते. घळीत अजून बर्फ आहे. त्याचं पाणी तोंडात धरलं की शांत. पाणी कोमट झालं की परत सुरू. चरवीत बर्फ भरून जवळ ठेवते. काल धार काढता काढता चूळ भरली तर घोडी चमकली. केंजेबेक म्हणाला, "आई, आधी गरम सोसत नव्हतं, आता गारच लागतं. उलटंच होत चाललंय की."

मी म्हणलं, उलटं होतंय म्हणजेच बरं होतंय.

२६ जून

शेवटी ऊलकानकडे गेले. ओढ्यापलीकडचं घर तिचं. लहानपणापासूनची ओळख, म्हणून तिचे मंत्रतंत्र मी कधी मनावर घेत नाही. पण ठणका माणसाला कुठेही नेतो.

तिनं दगड तापवला, त्यावर खुरासानी ओव्याचं बी टाकलं, मेंढ्याचं पोकळ शिंग धुरावर धरलं आणि त्याचं दुसरं टोक माझ्या दाढेशी. वरून माझ्या डोक्यावर फरचा कोट टाकला. म्हणाली, ओढ, दाढेतले किडे धुरानं बाहेर पडतात. बराच वेळ ओढलं. मग पाण्याच्या वाडग्यात चूळ टाकायला लावली. वाडग्यात पांढरे वळलेले बारीक धागे तरंगत होते. ऊलकान म्हणाली, "बघ, हे राहत होते तुझ्या तोंडात." मी नीट बघितलं. बी तडकून आतला कोंब बाहेर येतो, तसलं होतं ते. बोलले नाही. तिचं पोट त्यावर आहे.

बाहेर आले तर तोंडाला कोरड, ऊन पांढरं पडलेलं, घोड्यांना सावल्याच नाहीत. आणि नदीच्या पलीकडच्या काठावर सादीर उभा. करडा कोट, आणि हनुवटीखालून वर घेऊन डोक्यावर गाठ मारलेला रुमाल. माझ्याकडे बघत होता. तोंड उघडं होतं.

उन्हानं असं होतं. आत जाऊन पडले.

रुमाल मात्र तोच होता. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा मीच बांधला होता तो, इथंच, वर. गेलेल्या माणसाचं तोंड उघडं राहू नये म्हणून बांधतात. तेव्हा गाठ नीट बसत नव्हती, डावा गाल सुजलेला होता त्याचा. तसा तो गेला छातीनं. खाली न्यायच्या आत श्वास कोंडला.

२८ जून

दाढ थांबली. एकदम. सकाळी उठले तर काही नाही, आत कुणी राहतच नव्हतं असं. उकळता चहा प्यायले, मुद्दाम डावीकडून. काहीच नाही. गरम नाही, गार नाही.

झीपारला म्हणलं, बघ तुझा डॉक्टर. आम्हा दोघांची धातच तशी आहे. सादीरचीही अशीच आपोआप थांबली होती, त्या शेवटच्या उन्हाळ्यात. तोही म्हणाला होता, बघ, डॉक्टरशिवाय.

केंजेबेक माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "बाबांची दाढ दुखत होती?" मी म्हणलं, कुणाची दुखत नाही. जा, शिंगरं बांध.

९ जुलै

तब्येत ठणठणीत. झीपारच्या मोबाइलमध्ये तोंड बघितलं, तर ती दाढ बाकीच्यांपेक्षा काळपट. धुतलेल्या भांड्यांत एक न धुतलेलं राहावं तशी. जुनी झाली. मीही झालेय.

सकाळी नदीवर धुकं होतं. पाण्याला गेले तर पलीकडे सादीर. आज ऊनही नव्हतं आणि धूरही नव्हता. गुडघे थोडे वाकवून उभा, आयुष्यभर उभा राहायचा तसा. पाणी भरून घेतलं. कुत्रा, अक्तोश, माझ्या शेजारी बसला होता. अनोळखी घोडा कोसावर दिसला तरी भुंकणारं कुत्रं ते. शेपटी हलवत होतं.

परत आल्यावर त्याला पोळीचा तुकडा चावून मऊ करून टाकला, नेहमीसारखा. हुंगलं आणि मागं सरलं. माजलंय.

२१ जुलै

हिरडीवर पुळी आली, दाढेच्या मुळाशी. दुखत नाही. कधी फुटते, तोंडात खारट, घाण चव येते, मग बसते. परत भरते. चूळ भरली की झालं.

धारेचं मात्र अवघड झालंय. शिंगरू जवळ आणून घोडीला पान्हा फुटू द्यायचा आणि मग धार काढायची, हे मी लग्न होऊन आल्यापासून करतेय. आता शिंगराच्या तोंडाशी वाकले की ते मान फिरवतं. घोडी कान पाडते आणि पान्हा चोरते. केंजेबेक धारेला बसला की देते. घोडीचं दूध आंबवून करतो ते कुमीस निम्म्यावर आलं. बाजाराला काय न्यायचं, असं विचारलं त्यानं. मी म्हणलं, घोड्यांना विचार.

जेवताना झीपार दाराकडे सरकून बसते. पोटुशा बाईला वारा लागतो, ठीक आहे.

सादीर आता नदीच्या मधल्या खडकावर असतो. पाणी वेगात आहे, तिथं उभं राहता येत नाही. तो राहतो. तोंड उघडतो, बोट आत घालून काहीतरी दाखवतो, डावीकडे. ओरडत असेल, पण पाण्याच्या आवाजात ऐकू येत नाही. जिवंत होता तेव्हाही पुटपुटायचाच. मी हातानं खूण केली, काय ते स्पष्ट बोल. तर रुमाल आवळून घेतला.

२ ऑगस्ट

झीपारला खाली सोडून आला केंजेबेक. मारीपाबाई तिच्याजवळ आहेत. त्यांनी निरोप पाठवला, लोण्याची काळजी करू नका, मी आहे. मी उलट निरोप पाठवला, मी मेलेली नाही.

ऊलकान आली होती. दारातच थांबली, नाकाला बाही लावली आणि म्हणाली, तोंड उघड. उघडलं. बघून चुलीपासून लांब जाऊन बसली. मग मी तिला सादीरचं सांगितलं. कुणाला सांगणार नव्हते, पण तो परवापासून अलीकडच्या काठावर आलाय.

तिनं मला विचारलं, त्याच्यासाठी कधी तळलंस का. आमच्यात गुरुवारी-शुक्रवारी गेलेल्यांसाठी तेल तापवून बोरसोक तळतात. पिठाचे चौकोनी तुकडे, काही विशेष नाही. गेलेल्यांना खाता येत नाही, वास तेवढा पोचतो, असं म्हणतात. मला ते कधी पटलं नाही आणि वेळही झाला नाही. दिवसभर धारा, त्यात कुठं कढई घेऊन बसू. मातीच्या दिवशी तळलं होतं, सगळ्या गावासाठी. पुरे की.

ऊलकान म्हणाली, "तेव्हापासून माणूस उपाशी आहे, बुरुल. आता तुझ्या तोंडातून वास सुटलाय आणि तो त्याला पोचतोय. त्याला वाटतंय, बायकोनं अखेर चुलीवर काहीतरी ठेवलं."

मी म्हणलं, आणि तुझे किडे? ते तर बाहेर पडले होते ना?

"किडा बाहेर नाही पडला. आत मेला. आणि घरात मढं असताना तू दार लावून घेतलंस." उठता उठता म्हणाली, त्यानं हाक मारली तर ओ देऊ नकोस. आणि असलं तोंड घेऊन बाळाजवळ जाऊ नकोस.

शेवटचं मारीपाबाईंनी पढवलेलं असणार.

१६ ऑगस्ट

अंगात कणकण आहे. डावा गाल जड. गार वाऱ्यानं.

तो आता शिंगरांच्या दाव्याशी बसतो. त्याच्या शेजारी शिंगरं शांत असतात. माझ्यापासून पळतात आणि त्याच्यापाशी नाही, याचा राग आला. आयुष्यभर चारा मी घातला.

२३ ऑगस्ट

मुलगी झाली. दोघी घरी आल्या. केंजेबेक मला न्यायला वर आला, मला बघून म्हणाला, आई, गाल केवढा सुजलाय, डोळा झाकलाय. आधी डॉक्टर. मी म्हणलं, आधी लोणी. गाडीत थंडी वाजत होती, दोन कोट घातले.

घरी सगळे जमलेले. मारीपाबाई नवा झगा घालून, हाताशी लोण्याची वाटी घेऊन तयारच. मी वाटी घेतली. मला कुणी अडवलं नाही. अडवायला हवं होतं, पण मला अडवायची सवय या घरात कुणाला नाही. झीपारनं बाळाला छातीशी धरलं होतं आणि तिचा तळहात बाळाच्या तोंडावर होता. दूध ओघळलं असेल, असं मला वाटलं.

लोणी तोंडात घेतलं. घोळवलं. तेवढ्यात पुळी फुटली. आजवर फुटली तशी नाही, खूप आलं. लोणी आणि ते एक झालं. माझ्याच तोंडातला वास माझ्या नाकात पहिल्यांदा आला. उन्हाळ्यात नदीकाठी मेंढी मरून पडते, तो वास.

लोणी बोटावर घ्यायला हात तोंडाशी नेला आणि वर बघितलं तर सादीर झीपारच्या मागं उभा होता. घरात कधी आला नव्हता. बाळावर वाकला होता. रुमाल सुटून गळ्यात आला होता आणि तोंड एवढं उघडं, की आतलं सगळं काळं दिसत होतं. तो बाळाकडे बघत नव्हता. माझ्या बोटाकडे बघत होता.

वासामागं आलाय, मनात आलं. मी जिथं जाईन तिथं येणार. इथं थांबले तर इथं थांबणार.

थुंकायला जागा नव्हती. चुलीत थुंकू नये, बाळासमोर थुंकू नये. गिळलं. वाटी मारीपाबाईंच्या हातात दिली आणि म्हणलं, "तुम्हीच लावा."

मारीपाबाईंनी टोमणा मारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. एवढंच म्हणाल्या, "विहीणबाई, बसा हो जरा." झीपारनं हात बाळाच्या तोंडावरून काढला.

मी बसले नाही. सादीरला म्हणलं, चल डॉक्टरकडे, तुझीही दाढ दाखवू. आणि दाराबाहेर पडले.

गाडीत मागच्या सीटवर बसला तो. वरच्या आरशात त्याच्या गळ्यातल्या रुमालाची गाठ दिसत होती. केंजेबेकनं विचारलं, कुणाशी बोलतेस. मी म्हणलं, तुझ्या बापाशी. त्यानं गाडी जोरात घेतली.

२४ ऑगस्ट

दवाखान्यातलं काल लिहायचं राहिलं, आज लिहिते.

तालुक्याच्या गावचा दाताचा डॉक्टर म्हणजे पोरगाच, मिशी फुटलेली नाही नीट. विचारलं, आई, कधीपासून दुखतंय. मी म्हणलं, दुखत नाही, जूनमध्येच थांबलं. त्यानं बर्फासारखा गार बोळा एकेका दाताला लावला. बाकीचे दात ओरडले. त्या दाढेला लावल्याचं मला कळलंही नाही. फोटो काढला, दाखवला. मुळाखाली काळा डाग, घुशीनं पोखरल्यासारखा.

म्हणलं, उपट आणि मोकळी कर. तो म्हणाला, दाढ मजबूत आहे, आतलं तेवढं मेलंय. रूट कॅनाल करू. वरून भोक पाडायचं, मुळांच्या नळ्यांतलं कुजलेलं काढायचं, धुवायचं आणि भरून बंद करायचं. आज पू काढतो, गोळ्या देतो, बाकीचं सूज उतरल्यावर.

भोक पाडलं. दुखलं नाही. वास आला तेव्हा त्याची मदतनीस खिडकी उघडायला गेली. मग सुईसारखं काहीतरी आत फिरवून त्यानं बाहेर काढलं. टोकाला काळपट धागा होता, वळलेला, कोंबासारखा. मी ऊलकानला मनात हसले होते.

तो काम करता करता बोलत होता. गरम लागून कळ रेंगाळायला लागली, तेव्हाच यायचं होतं म्हणाला. आपोआप ठणका सुरू झाला, तेव्हा तरी. आणि ठणका एकदम थांबून दाढ काळी पडली, म्हणजे तर पळत यायचं. लोकांना वाटतं बरं झालं. आतली नस मेलेली असते आणि मेलेलं खाली उतरत राहतं. पूर्वी वर कुरणावर माणसं जायची यानं. गालातून गळ्यात, गळ्यातून छातीत.

मी त्याचा हात बाजूला केला. म्हणलं, माझा नवरा छातीनं गेला.

त्यानं विचारलं, "त्याआधी त्यांची दाढ दुखत होती का?"

"थांबली होती," मी म्हणलं.

त्यानं सुई ताटलीत ठेवली आणि हातमोजे बदलले. कोपऱ्यातल्या खुर्चीत सादीर बसला होता, आपली पाळी येईल म्हणून थांबल्यासारखा, हात मांडीवर.

३ सप्टेंबर

सूज उतरली. तिसऱ्यांदा जाऊन आले, नळ्या भरल्या, वर टोपी बसवणार आहे. मेलेलीच दाढ आहे, पण आत काही कुजत नाही आता.

बाळाला घेतलं. हुंगून बघितलं तिनं मला, मान फिरवली नाही. मारीपाबाई म्हणाल्या, जीभ माझीच उतरणार हं. मी म्हणलं, उतरू दे, निदान वेळेवर दुखणं तरी सांगेल.

सादीर गाडीतही आला नाही आणि दवाखान्यातही. वास बंद झाला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

घर मोडायला वर आलोय. नमदे गुंडाळले, बर्फ पडायच्या आत निघायचं. शिंगरू माझ्या हातून पोळी खातं आता. अक्तोशही खातो.

सकाळी नदीवर गेले. पलीकडे कुणी नाही, खडकावर नाही, अलीकडे नाही. दाव्याशीही नाही. उपाशीच गेला असं मनात आलं. मग दुसरी कामं सुचेनात.

केंजेबेकला म्हणलं, कढई बांधली असशील तर सोड. त्यानं का म्हणून विचारलं नाही. पीठ मळलं, लाटलं, चौकोन कापले. आधी तेल तापू दिलं. भरपूर तापू दिलं, वास सुटेपर्यंत. ऊलकानकडून घ्यायला हवं होतं प्रमाण, पण माणूस एकच, प्रमाण काय करायचंय. पहिला घाणा काढला आणि कढईवरनं वारा नदीकडे वळला.

तो पलीकडच्या काठावर आला. करडा कोट. रुमाल नव्हता. गवतात मांडी घालून बसला, आमच्या घराकडे तोंड करून.

मी हाक मारली नाही. जेवणाऱ्या माणसाला हाक मारू नये. दुसरा घाणा टाकला आणि बघत राहिले. तोंड मिटलेलं होतं त्याचं आणि जबडा हलत होता. सावकाश, दोन्ही बाजूंनी चावत होता.